बाँब निकामी करणारी पथके : देशोदेशींची व्यवस्था आणि आपली सिद्धता

पुणे-नाशिक महामार्गावर इंद्रायणीच्या अलीकडे वसलेले मोशी हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्याच्या एका अंगास भोसरीची औद्योगिक वसाहत आहे. नदीपलीकडे चिंबळी, कुरुळी, निघोजे, महाळुंगे या गावांतून थेट चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागलेली आहे. याच परिसरास दुसरीही एक ओळख आहे. देहूरोड येथे लष्कराचे दारूगोळा कोठार आहे. दिघी येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची अभियांत्रिकी संस्था आहे. दापोडीस लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय असून खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. उद्योग, दाट वस्ती, आळंदी-देहूची यात्रा आणि संरक्षण खात्याची आस्थापने इतक्या जवळजवळ नांदत असलेला प्रदेश राज्यात विरळाच म्हणावा लागेल.

अशा प्रदेशात संशयास्पद पेटी, खोदकामात निघालेला जुना गोळा किंवा भंगारात आलेली अनोळखी धातूची वस्तू आढळली, तर ती निकामी करण्याचे काम कोण करतो, त्याला कोणते शिक्षण व कोणती साधने दिलेली असतात आणि तो येईपर्यंत स्थानिक यंत्रणेने काय करावयाचे असते, याची माहिती अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे. त्या दृष्टीने निरनिराळ्या देशांतील व्यवस्थांचा येथे परामर्श घेण्यात आला आहे.

तीन प्रकारचे धोके

बाँब निकामी करणे हे एकच काम आहे, असा सर्वसामान्य समज असतो. वस्तुतः त्यात तीन वेगवेगळी कामे सामावलेली आहेत. पहिले काम युद्धसामग्रीचे. विमानातून टाकलेला पण न फुटलेला बाँब, तोफगोळा, हातबाँब ही कारखान्यात ठराविक नमुन्यानुसार बनलेली साधने होत. त्यांची रचना ज्ञात असते; धोका असतो तो काळाने आलेल्या गंजाचा व अस्थिरतेचा. दुसरे काम घातपाती लोकांनी हाताने बनविलेल्या स्फोटक साधनांचे. यांचा नमुना ठरलेला नसतो आणि पुष्कळदा हाताळणाऱ्याला फसविण्याच्या उद्देशानेच त्यांची रचना केलेली असते. तिसरे काम भूसुरुंगांचे. येथे एकच वस्तू शोधावयाची नसून संपूर्ण रस्ता किंवा शेत इंचाइंचाने तपासावे लागते.

कोणत्या देशाने आपले पथक सैन्याकडे सोपविले, कोणी पोलिसांकडे दिले व कोणी मुलकी खात्याकडे ठेवले, हे त्या देशाला यांपैकी कोणत्या धोक्याशी प्रथम सामना करावा लागला यावर बरेचसे अवलंबून आहे.

ब्रिटन : युद्धातून उभी राहिलेली व्यवस्था

या शास्त्राची पद्धतशीर सुरुवात दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये झाली. १९४० च्या शरद ऋतूत लंडनवर जर्मन विमानांचा भडिमार होत असता न फुटलेले बाँब हा स्वतंत्र प्रश्न होऊन बसला. एक न फुटलेला बाँबसुद्धा रेल्वे, कारखाना किंवा रुग्णालय दिवसेंदिवस बंद पाडीत असे. १२ सप्टेंबर १९४० रोजी सेंट पॉल कॅथीड्रलजवळ जमिनीत खोल रुतलेला प्रचंड बाँब लेफ्टनंट रॉबर्ट डेव्हिस यांच्या तुकडीने तीन दिवस खणून बाहेर काढला आणि शहराबाहेर नेऊन नष्ट केला. त्याच महिन्यात ‘जॉर्ज क्रॉस’ हे पदक स्थापन झाले व डेव्हिस हे त्याच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक ठरले. या कामी प्राणहानीही मोठी झाली. बाँब निकामी करण्याच्या नवनव्या पद्धती शोधणारे अर्ल ऑफ सफोक हे १२ मे १९४१ रोजी आपल्या सचिव व वाहनचालकासह मृत्युमुखी पडले.

पुढे उत्तर आयर्लंडमधील संघर्षात मोटारीत ठेवलेल्या बाँबचा प्रश्न उभा राहिला. माणसाने बाँबजवळ जाणे शक्य तितके टाळावे, या विचारातून १९७२ मध्ये लेफ्टनंट कर्नल पीटर मिलर यांनी बागकामाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्याचा सांगाडा वापरून दूरनियंत्रित यंत्र तयार करविले. त्यास ‘व्हीलबॅरो’ हेच नाव पडले. आज जगभर वापरात असलेल्या बाँबनाशक यंत्रमानवांचे ते पूर्वज होय.

ब्रिटनमध्ये हे काम आजही मुख्यतः सैन्य करते. पोलीस जागेचा ताबा घेतात, लोकांना हलवितात आणि डिडकॉट येथील तिन्ही दलांच्या संयुक्त केंद्रामार्फत सैन्याचे पथक बोलावितात. लंडन शहराच्या पोलीस दलाकडे मात्र स्वतःचे स्फोटक-अधिकारी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लिमथ येथे एका घराच्या बागेत खोदताना महायुद्धातील ५०० किलोचा बाँब निघाला, तेव्हा दहा हजारांहून अधिक लोकांना काही काळ घरे सोडावी लागली आणि बाँब लष्करी वाहनातून समुद्राकडे नेण्यात आला. वाहनाच्या मार्गावरील प्रत्येक रस्ता अगोदर रिकामा करण्यात आला होता. पथकाच्या कौशल्याइतकेच नागरी प्रशासनाच्या शिस्तीला महत्त्व असते, हे या घटनेवरून दिसून येते.

जर्मनी : राज्यांची जबाबदारी

जर्मनीत ही जबाबदारी केंद्राच्या सैन्यावर नसून घटक राज्यांच्या मुलकी सेवेवर आहे. बहुतेक राज्यांनी त्यासाठी कायमस्वरूपी तज्ज्ञ सेवा ठेवली आहे. या सेवेचे वैशिष्ट्य म्हणजे दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी युद्धकाळात घेतलेल्या छायाचित्रांचा अभ्यास. कोणत्या शेतात बाँबचा मोठा खड्डा पडला व कोठे केवळ लहान छिद्र दिसते, हे पाहून न फुटलेल्या बाँबची जागा अंदाजिली जाते. अनेक ठिकाणी इमारतीचा पाया खणण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी लागते.

ऱ्हाईन नदीचे पाणी ओसरल्यामुळे कोब्लेन्झ येथे १.८ टनांचा ब्रिटिश बाँब उघडा पडला. ४ डिसेंबर २०११ रोजी तो निकामी करण्यासाठी शहराची जवळजवळ निम्मी लोकसंख्या, म्हणजे ४५,००० माणसे, एका दिवसापुरती हलविण्यात आली. त्यांत रुग्णालयांतील रुग्ण व तुरुंगातील कैदीही होते. ३ सप्टेंबर २०१७ रोजी फ्रँकफुर्ट येथे साठ हजारांहून अधिक लोकांना अशाच कारणासाठी घराबाहेर पडावे लागले. इतकी काळजी घेऊनही धोका उरतोच. १ जून २०१० रोजी ग्योटिंगेन येथे काम सुरू होण्यापूर्वीच स्फोट होऊन तीन अनुभवी तज्ज्ञ ठार झाले. रासायनिक क्रियेवर चालणारी जुनी कळ वर्षे लोटतील तशी निरुपद्रवी होत नाही, उलट अधिक लहरी होते, असा या अपघाताचा धडा आहे.

फ्रान्स व बेल्जियम : शेतातील लोखंडाचे पीक

फ्रान्समध्ये १९४५ मध्ये स्थापन झालेली बाँबनिवारणाची स्वतंत्र मुलकी सेवा आज गृहमंत्रालयाच्या नागरी सुरक्षा विभागाखाली काम करीत आहे. स्थापनेपासून या सेवेतील सहाशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी कर्तव्य बजावताना प्राण गमावले, त्यांतील बहुसंख्य युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. पॅरिस शहरासाठी तेथील पोलीस प्रशासनाची वेगळी प्रयोगशाळा आहे. एप्रिल २००१ मध्ये व्हिमी येथील कोठारात साठविलेले पहिल्या महायुद्धातील विषारी वायूचे गोळे गळू लागण्याचा धोका दिसताच आसपासच्या हजारो नागरिकांना काही दिवस अन्यत्र हलविण्यात आले. सापडलेली वस्तू उचलून नेली म्हणजे काम संपले असे नसते. ती कोठे साठवावयाची व किती काळात नष्ट करावयाची याचेही नियोजन लागते.

बेल्जियममध्ये हे काम सैन्याच्या एका खास सेवेकडे असून तिचे एक केंद्र पूलकापेले येथे आहे. ईपर परिसरातील शेतकऱ्यांना नांगरताना आजही पहिल्या महायुद्धातील गोळे सापडतात. त्यास तिकडे ‘लोखंडाचे पीक’ असे म्हणतात. पोलिसांना कळविले की सैन्याची गाडी येऊन गोळे घेऊन जाते. मात्र सवयीने बेफिकिरी येते. मार्च २०१४ मध्ये ईपर येथील औद्योगिक वसाहतीच्या बांधकामावर असाच एक गोळा फुटून दोन कामगार ठार झाले. तो युद्धात डागला गेल्यापासून सुमारे शंभर वर्षे लोटली होती.

अमेरिका : पोलिसांची पथके, एकच शाळा

अमेरिकेत पोलीस दले स्थानिक आहेत. त्यामुळे बाँबनाशक पथकेही शहर, परगणा व राज्य अशा पातळ्यांवर विखुरलेली आहेत. त्यांची संख्या चारशेहून अधिक आहे. परंतु या सर्वांचे प्रशिक्षण एकाच ठिकाणी होते. अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे १९७१ पासून चालणाऱ्या केंद्रीय शाळेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय मुलकी पथकातील कोणासही बाँबला हात लावता येत नाही आणि ठराविक मुदतीनंतर पुन्हा परीक्षा देऊन ते प्रमाणपत्र नवे करून घ्यावे लागते. सैन्याच्या चारही दलांतील तज्ज्ञांसाठी फ्लोरिडात नौदलाच्या देखरेखीखाली वेगळी संयुक्त शाळा आहे. पथके अनेक, पण शिक्षणाचा दर्जा एक, हे या व्यवस्थेचे सूत्र होय.

भारतातील रचना

भारतीय राज्यघटनेनुसार पोलीस हा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे घातपाती बाँबचा शोध घेणे व ते निकामी करणे हे काम प्रथमतः राज्य पोलिसांच्या बाँबशोधक व नाशक पथकाचे आहे. लष्करी स्वरूपाचा गोळा किंवा बाँब आढळल्यास पोलीस जागेचा बंदोबस्त करून सैन्याच्या तज्ज्ञांस पाचारण करतात. सैन्यातील अभियंता दलाचे प्रशिक्षण दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात होते. ही संस्था १९४३ मध्ये रुरकी येथे सुरू झाली व १९४८ मध्ये पुण्यास आली.

केंद्र पातळीवर राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे राष्ट्रीय बाँब माहिती केंद्र १९८८ पासून हरियाणातील मानेसर येथे आहे. देशात घडणाऱ्या स्फोटांचा तपशील गोळा करणे, त्यांचा अभ्यास करणे व राज्यांच्या पथकांना मार्गदर्शन करणे ही त्याची कामे होत. केंद्रीय राखीव पोलीस दलाचीही या विषयाला वाहिलेली प्रशिक्षण संस्था असून ती मोशीपासून फार दूर नसलेल्या तळेगाव येथे आहे. स्फोटकांच्या कायदेशीर निर्मितीवर व वापरावर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. १८८४ चा स्फोटके अधिनियम आणि १९०८ चा स्फोटक पदार्थ अधिनियम हे या क्षेत्रातील मूळ कायदे होत.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्राने तिन्ही प्रकारच्या धोक्यांचा अनुभव घेतला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन शेकडो माणसे दगावली. अग्निशमन सेवा दिन त्याच दिवशी पाळला जातो. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईतील बाँबस्फोटांच्या मालिकेत २५७ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर लगेचच्या दिवसांत न फुटलेली स्फोटके शोधून काढण्यात मुंबई पोलिसांच्या पथकातील ‘झंजीर’ या लॅब्रॅडॉर जातीच्या श्वानाने मोलाची कामगिरी केली. पुण्यातील गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेल्या या श्वानाच्या खाती तीन हजार किलोंहून अधिक आर.डी.एक्स. शोधल्याची नोंद आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी त्याचे निधन झाले, तेव्हा त्यास शासकीय इतमामाने निरोप देण्यात आला. पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० रोजी जर्मन बेकरीतील स्फोटात १७ जणांना प्राण गमवावे लागले.

गडचिरोलीत प्रश्न भूसुरुंगांचा राहिला. १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथे सुरुंगस्फोटात १५ पोलीस व वाहनाचा चालक यांना वीरमरण आले. वर्धा जिल्ह्यात पुलगाव येथील दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीत अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचारी बळी पडले. त्याच परिसरात २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असता स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्यांत आसपासच्या गावांतून मजुरीस आलेली माणसे होती. तज्ज्ञांच्या कामात अप्रशिक्षित हात लागले की त्याची किंमत बहुधा सर्वांत गरीब माणसाला मोजावी लागते, याची ही दुःखद साक्ष आहे.

साधनसामग्री

देश कोणताही असो, पथकाची साधने बरीचशी सारखी असतात. पहिले साधन श्वान. त्याच्या घ्राणशक्तीला अद्याप तोड नाही. मात्र उन्हात, धुरात किंवा गर्दीत तो लवकर थकतो, म्हणून त्याला पाळीपाळीने काम व विश्रांती द्यावी लागते. दुसरे साधन धातुशोधक यंत्र व हाती नेण्याजोगे क्ष-किरण यंत्र. पेटी न उघडता आत काय आहे हे पाहता येणे हा निम्मा विजय होय. तिसरे साधन रासायनिक चाचणी. पाषाण येथील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेल्या स्फोटक शोध संचामुळे संशयित पदार्थाच्या सूक्ष्म नमुन्यावरून, रंग बदलतो की नाही हे पाहून, स्फोटक ओळखता येते.

चौथे साधन संरक्षक पोशाख. त्याचे वजन ३५ ते ४० किलोपर्यंत असते. छाती, डोके व मान यांचे तो रक्षण करतो. परंतु बारीक काम करता यावे म्हणून हात बहुधा उघडेच ठेवावे लागतात. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात हा पोशाख घालून अर्धा तास काम करणे म्हणजे काय, याची कल्पना बघ्यांच्या गर्दीस सहसा नसते. गर्दी हटेपर्यंत पथकाला थांबावे लागते आणि तेवढा वेळ तज्ज्ञाची शक्ती वाया जाते.

पाचवे साधन दूरनियंत्रित यंत्र. या बाबतीत मोशीच्या शेजारचीच दिघीची संस्था अग्रेसर ठरली. तेथे विकसित झालेले ‘दक्ष’ हे यंत्र जिने चढते, सुमारे ५०० मीटर अंतरावरून बिनतारी नियंत्रणाने चालते, संशयित वस्तूचे क्ष-किरण चित्र घेते आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तिची जोडणी विस्कटून टाकते. एकदा विद्युतभारित केल्यावर ते सुमारे तीन तास काम करू शकते. पहिली पाच यंत्रे डिसेंबर २०११ मध्ये सैन्याच्या स्वाधीन करण्यात आली.

मोशी-चाकण परिसरातील विशेष प्रश्न

पिंपरी-चिंचवडसाठी १५ ऑगस्ट २०१८ रोजी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. चाकण, आळंदी, देहूरोड व तळेगाव हा भाग त्यात मोडतो. या परिसरात तीन गोष्टींकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट अंतराची. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २,००० यार्डांच्या पट्ट्यात बांधकामास निर्बंध आहेत. या ‘रेड झोन’मुळे तळवडे, निगडी, चिखली या भागांतील हजारो कुटुंबांची घरे व भूखंड अडकून पडले आहेत आणि त्यांची गाऱ्हाणी दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. तथापि, असे अंतर का राखले जाते हे पुलगावच्या आगीने दाखवून दिले आहे. मार्ग काढताना रहिवाशांचा निवारा आणि त्यांचा जीव या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागेल.

दुसरी गोष्ट भंगाराची. ३० सप्टेंबर २००४ रोजी दिल्लीनजीक साहिबाबाद येथील एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातील जिवंत गोळे फुटून दहा कामगार ठार झाले. त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक करण्यात आले. मोशीलगतच्या कुदळवाडीत भंगाराची असंख्य गोदामे वर्षानुवर्षे होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील अनधिकृत बांधकामे हटविली. परंतु कारखाने आहेत तेथे भंगार आहे, आणि भंगार आहे तेथे हा धोका कमी-अधिक प्रमाणात राहणारच. वजनाने माल घेणाऱ्या व तो हाताने फोडणाऱ्या कामगारास गोळ्याचा आकार ओळखता येणे, हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट खोदकामाची. रस्ते, जलवाहिन्या व इमारतींचे पाये यांसाठी या भागात सतत जमीन उकरली जात आहे. शिवाय दगडखाणींतून सुरुंगाची दारू व डिटोनेटर वापरले जातात. खाण बंद झाल्यावर मागे राहिलेला एखादा न उडालेला डिटोनेटर मुलांच्या हाती खेळणे म्हणून पडू शकतो.

स्थानिक यंत्रणेचे कर्तव्य

पथक कितीही सुसज्ज असले, तरी ते घटनास्थळी पोहोचेपर्यंतचा वेळ स्थानिक लोकांच्या हाती असतो. त्या वेळात पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. संशयास्पद वस्तूस हात लावू नये, ती हलवू नये, उघडू नये, तिच्यावर पाणी किंवा माती टाकू नये. सापडलेला गोळा गोणीत घालून पोलीस ठाण्यात नेण्याचा प्रकार अत्यंत धोक्याचा आहे.

२. ज्या वाटेने जवळ गेलो त्याच वाटेने मागे फिरावे व इतरांनाही दूर न्यावे. भिंतीआड थांबावे, काचेच्या खिडक्यांजवळ उभे राहू नये.

३. वस्तूच्या निकट भ्रमणध्वनी किंवा बिनतारी संच वापरू नये. सुरक्षित अंतरावर गेल्यावर ११२ या क्रमांकावर कळवावे. वस्तूचा आकार, रंग, नेमकी जागा व ती प्रथम केव्हा दिसली एवढा तपशील द्यावा.

४. एक वस्तू सापडली म्हणजे दुसरी नसेलच असे गृहीत धरू नये. लोकांना जेथे जमा करावयाचे ती जागाही पाहून घ्यावी.

५. पोलीस पाटलांनी महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये आपल्याकडे आलेली माहिती देण्याची जबाबदारी तत्परतेने पार पाडावी.

६. ग्रामपंचायतीने गावातील भंगार दुकाने, चालू व बंद खाणी आणि मोठी खोदकामे यांची नोंद ठेवावी. गाव रिकामे करण्याची वेळ आल्यास अंथरुणाला खिळलेले रुग्ण, वृद्ध व लहान मुले यांना कोण, कोणत्या वाहनातून, कोठे नेणार याची यादी तयार असावी. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणाच्या आराखड्याशी ही यादी जोडून घ्यावी.

७. शिक्षकांनी वर्षातून किमान एकदा, विशेषतः खाणी व लष्करी सरावक्षेत्रे यांच्या आसपासच्या शाळांतून, हा विषय मुलांना समजावून सांगावा. भीती घालू नये. ‘पाहा, हात लावू नका, मोठ्यांना सांगा’ एवढे तीन शब्दप्रयोग मुलांच्या मनावर ठसले तरी पुष्कळ झाले.

८. खोट्या सूचना देणाऱ्यांना कायद्यानुसार शिक्षा होतेच. परंतु प्रामाणिकपणे दिलेली सूचना चुकीची निघाली म्हणून कोणाची थट्टा होऊ देऊ नये. दहा वेळा पथक रिकामे परतले तरी चालेल, अकराव्या वेळी बोलावणे राहून जाता कामा नये.

ब्रिटनने सैन्यावर, जर्मनीने राज्यांच्या मुलकी सेवेवर, फ्रान्सने नागरी सुरक्षा विभागावर आणि अमेरिकेने स्थानिक पोलिसांवर भिस्त ठेवली. भारताची व्यवस्था पोलीस व सैन्य यांच्या सहकार्यावर उभी आहे. रचना निराळ्या असल्या तरी सर्वांच्या अनुभवाचे सार एकच निघते. तज्ज्ञाला निर्वेध काम करता येईल इतकी मोकळी जागा आणि इतका शांत वेळ समाजाने मिळवून दिला, तर त्याची विद्या व साधने फळास येतात. मोशी-चाकणसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या पट्ट्यात ही सवय गावागावांत आणि शाळाशाळांतून रुजविणे हे पंचायत, शाळा व प्रशासन यांचे सामाईक काम आहे.